शिक्षा मराठी माणसाला, निकालपत्र हिंदीत. अपील करायचं कसं?

सीमाभागात भाषेचा हक्क म्हटलं की आपल्या तोंडी लगेच दोन शब्द येतात. शाळा आणि पाटी. शाळेत मराठीचे मास्तर नाहीत, पाटीवर मराठी अक्षर नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आमच्या गावाच्या पाटीवरचा 'पु' ऱ्हस्व आणि आमच्या तोंडातला 'पू' दीर्घ, यावरून मी स्वतः कॉलेजच्या बसमध्ये बऱ्हाणपूर येईपर्यंत भांडलेली आहे. पण भाषा कळली नाही म्हणून जिथे माणसाची सात-दहा वर्षं जाऊ शकतात, त्या जागेबद्दल आपल्या सभांत मी कधी कुणाला बोलताना ऐकलं नाही. ती जागा म्हणजे फौजदारी कोर्ट. आणि त्यातही शिक्षा झाल्यानंतरचे पहिले 60 दिवस.

का बोलत नाहीत, ते कळतं. मारामारी करून, कुणाचं डोकं फोडून आत गेलेल्या माणसाची बाजू कोण घेणार? मोर्चाच्या फलकावर त्याचं नाव शोभत नाही. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वकील नाही. तरी हे लिहिते आहे, कारण हक्क शोभेच्या माणसांसाठी नसतात.

आधी रस्ता बघू. मारहाणीच्या केसमध्ये दंडाधिकाऱ्यानं शिक्षा दिली तर अपील सत्र न्यायालयात जातं, म्हणजे आमच्यासाठी बऱ्हाणपूरला. वीसेक किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा असेल, खटला सत्र न्यायालयातच चालला असेल, तर अपील उच्च न्यायालयात. आता गंमत बघा. ज्या महामार्गाला आमच्या गावाचं नाव आहे, तो इंदूर-इच्छापूर महामार्ग थेट इंदूरला जातो आणि इंदूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. आमचं अपील मात्र तिथे जात नाही. ते जातं जबलपूरला, सुमारे पाचशे किलोमीटर. कारण इंदूरचं खंडपीठ जुन्या मध्य भारताच्या जिल्ह्यांसाठी, आणि आम्ही जुन्या निमाडचे, मध्य प्रांताचे. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी आमचं उच्च न्यायालय नागपूरला होतं. नागपूरही काही उशाशी नव्हतं. पण तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी, आणि 1950 च्या कायद्यानं ते लिहून दिलेलं होतं. राज्यं नव्यानं आखली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, आणि दोन भाषांतली एक आमच्या कोर्टाच्या कागदावरून गेली. माणसं तिथेच होती. हाकेच्या अंतरावर, हद्दीपलीकडे, रावेरच्या आणि मुक्ताईनगरच्या कोर्टात रोज मराठीत काम चालतं, आणि तिथल्यांची मोठी अपिलं छत्रपती संभाजीनगरला जातात.

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या एक काकू निकालपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या घरातल्या एकाला बांधावरच्या हाणामारीत शिक्षा झाली होती. कुठलं न्यायालय, कोणती केस, ते इथे लिहिणार नाही. तीसेक पानं होती, सगळी हिंदीत. काकू चौथी शिकलेल्या, मराठी वाचतात. बाजारात हिंदी बोलतात, सिरियल बघतात, टोमॅटोच्या भावावरून हिंदीत भांडतातसुद्धा. पण 'स्वेच्छया घोर उपहति कारित की' हे वाक्य त्यांना कसं कळावं? मला तरी कुठे पटकन कळलं. कायद्याच्या मराठीत त्याला 'इच्छापूर्वक जबर दुखापत पोचवणे' म्हणतात. तेही काही गोड नाही, पण 'जबर दुखापत' ऐकून काकूंना कळतं की हाड मोडलंय असं म्हणताहेत. पुढे 'अर्थदंड के व्यतिक्रम में'. म्हणजे दंड भरला नाही तर. आणि वकिलाच्या चिठ्ठीत 'सजा का निलंबन'. आमच्याकडे निलंबन होतं ते तलाठ्याचं नाहीतर मास्तरचं. त्याचा अर्थ अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन मागणे, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "पोरी, किती दिवस राह्यले?" 60 पैकी 43 गेलेले होते.

इथे आमच्यातलेच लोक म्हणतात, अगं, हिंदी येत नाही का कुणाला इथे? वकील आहे ना वाचायला?

हिंदी येते. बाजारापुरती येते. आणि वकील वाचतो, पण वकिलाला काय सांगायचं ते आरोपीनं सांगावं लागतं. साक्षीत अमुक चुकीचं लिहिलंय, मी तसं म्हणालोच नव्हतो, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? पहिल्या अपिलात सहसा नवे साक्षीदार बोलावत नाहीत. वरचं कोर्ट खालच्या कोर्टाचे कागद पुन्हा वाचतं, पुरावाही तपासतं आणि कायदाही. म्हणजे सगळा खेळ कागदावर, आणि कागद कोणत्या भाषेत उतरला यावर.

समजा, माझ्या गावचा माणूस साक्षीत म्हणाला, "मी त्याले धरलं." आमच्या बोलीत भांडण सोडवणारा पण हेच म्हणतो. धरलं म्हणजे आवरलं, मागे ओढलं. हिंदीत उतरलं 'मैंने उसे पकड़ा'. आता एकानं पकडलं आणि दुसऱ्यानं मारलं, म्हणजे समान उद्देश आला, आणि ज्यानं हात उचलला नाही त्यालाही तीच शिक्षा. किंवा समजा कुणी म्हणालं, "कुऱ्हाडीच्या तुंब्यानं हाणलं." तुंबा म्हणजे कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू. शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला हे माहीत असतं. कागदावर आलं 'कुल्हाड़ी से मारा'. धार आहे की बोथट बाजू, यावरून उद्देश ठरतो, हत्यार घातक की नाही ते ठरतं, कलम बदलतं. जुन्या दंड संहितेत 325 ला जास्तीत जास्त सात वर्षं होती, 326 ला जन्मठेपेपर्यंत. तुंबा हा एक शब्द गळाला की मध्ये एवढं अंतर पडतं. लेखनिक मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. त्याच्या घरी तुंब्याला तुंबा म्हणत नसतील, एवढंच.

आता मोठा आक्षेप. गुन्हेगाराचे एवढे लाड कशाला? कोर्टानं दोषी ठरवलं, विषय संपला.

संपत नाही. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा खटला बघा. जून 2003 मध्ये नाशिकजवळ बेलतगव्हाणला एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा जीव गेला, बलात्कार झाले. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले गेले. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. मग प्रकरण परत उघडलं गेलं, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं, न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांच्या पीठानं, सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळेच चार जण ओळखले होते, आणि तपास त्या दिशेनं गेलाच नव्हता. हे गरीब, भटके लोक, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही कोर्टानं नोंदवलं. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. सोळा वर्षं गेली त्यांची.

कागद तेच होते. साक्षीदार तेच. वाचणारे बदलत गेले आणि फाशी, जन्मठेप, फाशी, सुटका असे निकाल येत गेले. अपील म्हणजे दुसऱ्यांदा वाचणं. पहिलं वाचन चुकू शकतं हे कायद्यालाच मान्य आहे, म्हणून तर अपील ठेवलंय. आणि हे महाराष्ट्रात झालं, जिथे आरोपींची, पोलिसांची आणि खालच्या कोर्टाची भाषा एक होती. तिथे सोळा वर्षं लागली, तर जिथे आरोपीला स्वतःचं निकालपत्र वाचता येत नाही तिथे काय होत असेल?

आणि लाड म्हणाल तर ते कुणाचे होतात तेही बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये अमरावतीच्या न्यायालयानं यशोमती ठाकूर यांना 2012 मध्ये एका पोलिसाला मारहाण केल्याबद्दल 3 महिन्यांची शिक्षा दिली. तेव्हा त्या महाराष्ट्राच्या मंत्री होत्या. त्यांनी वर दाद मागण्याचं लगेच सांगितलं, आणि मंत्रिपद राहिलं. अपील हा त्यांचा हक्कच होता आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. शिक्षा 3 वर्षांच्या आतली असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली तेच कोर्ट अपिलासाठी मुदतीपुरता जामीन देतं. हे कलम मंत्र्याला आहे तसं बांधावरच्या शेतकऱ्यालाही आहे. फरक इतकाच की मंत्र्याच्या शेजारी वकील उभा असतो आणि शेतकऱ्याच्या शेजारी पोलीस.

गावात एक भीती मी सारखी ऐकते. अपील केलं तर शिक्षा वाढते म्हणे. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारला त्यासाठी वेगळं अपील करावं लागतं, किंवा उच्च न्यायालयाला स्वतःहून नोटीस द्यावी लागते, आणि दोन्ही वेळा आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. ही भीती कुणी पसरवली माहीत नाही, पण तिच्यामुळे किती जण मुकाट्यानं बसले असतील.

आता खरी गोष्ट. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 363 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 404 आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. तुरुंगवासाची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच, फुकट द्यायची. आणि आरोपीनं अर्ज केला तर निकालाची प्रमाणित प्रत, किंवा त्याची इच्छा असेल तर, शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेतलं भाषांतर, विलंब न लावता द्यायचं, आणि निकाल अपिलायोग्य असेल तर तेही फुकट.

त्याच्या स्वतःच्या भाषेतलं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत दोनदा बोट ठेवून वाचलं. आपण अर्धं आयुष्य निवेदनं देण्यात घालवतो आणि हा हक्क कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. आपल्यातला कुणी तो मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मान्य, 'शक्य असल्यास' हे शब्द आहेत. सरकारी कागदातल्या अशा शब्दांवर किती हक्कांची माती झाली, ते सीमाभागाला सांगायला नको. पण मला कुणीतरी समजावून सांगा, बऱ्हाणपुरात मराठी भाषांतर अशक्य कसं? ज्या जिल्ह्याची हद्द महाराष्ट्राला भिडलेली, ज्या गावांत लेवा गणबोली घरोघर बोलली जाते, जिथले वकील घरी आईशी मराठीत बोलतात, तिथे अशक्य? तमिळ भाषांतरकार मिळत नाही म्हटलं तर समजू शकते. मराठीचा मिळत नाही हे म्हणणं म्हणजे तापीकाठी बसून पाणी नाही म्हणण्यासारखं आहे.

आणि प्रत वेळेत मिळाली नाही तर काय होतं, तेही सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वी बघितलंय. एम. एच. होसकोट यांचा खटला मारहाणीचा नव्हता, बनावट पदवी प्रमाणपत्रांचा होता. उच्च न्यायालयाचा निकाल 1973 चा, आणि प्रत 1978 मध्ये मिळाली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची याचिका फेटाळली गेली. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्तानं नियम घालून दिला. निकालाची प्रत कैद्याला वेळेत मिळालीच पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्यानं ती दिल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणं हे सरकारचं काम आहे. 1978 ची गोष्ट आहे ही. पुढे 23 ऑक्टोबर 2024 ला सुहास चकमा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं की, दोषी ठरवणाऱ्या निकालाच्या प्रतीला एक पान जोडावं, आणि अपिलासाठी मोफत वकील मिळतो हे त्यावर लिहावं. फार चांगलं. पण ते पान कोणत्या भाषेत असणार? काकूंच्या हातात हिंदीतली तीस पानं होती, त्यांत आणखी एकाची भर पडणार असेल तर काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं सीमाहक्काच्या चळवळीला आहे, कोर्टाला नंतर. आपल्या मागण्यांच्या यादीत हे का नाही? बेळगावकडच्या लोकांना तरी हे कळायला हवं होतं. 2014 मध्ये येळ्ळूरचा फलक हटवला गेला, लाठ्या पडल्या, पोरांवर गुन्हे दाखल झाले. तिथे आंदोलनातल्या केसेससाठी वकील उभे राहतात, ते राहायलाच हवेत. पण ज्याची केस आंदोलनातली नाही, साध्या बांधाच्या भांडणातली आहे, त्याची भाषा मराठी नसते का?

हा हक्क फक्त आपला नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. खाकनारकडचा कोरकू, नेपानगरकडचा बारेला, यांना हिंदीही परकी आणि मराठीही. आणि आमच्याकडचा हिंदी बोलणारा मजूर केळीच्या बागेत कामाला रावेरला गेला, तिथे मारामारीत अडकला, तर त्याला मराठी निकालपत्र मिळेल. त्यालाही हिंदी भाषांतर मागता आलं पाहिजे, आणि आपण त्याच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे. नाहीतर आपलं भांडण भाषेच्या हक्काचं नाही, नुसतं कुणाची भाषा वर याचं आहे.

ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय, असं विचाराल. बरोबर आहे. मार खाणाराही बहुतेक वेळा आमच्याच गल्लीतला असतो, मराठीच बोलतो. आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली, किंवा भरपाई कमी मिळाली, तर पीडितालाही अपील करता येतं. 2009 च्या शेवटापासून हा हक्क कायद्यात आहे. निकाल काय लागला आणि का लागला, हे त्यालाही कळायला हवं. ज्या बाईच्या नवऱ्याचा हात कायमचा गेला तिला कोर्टानं 'साधारण उपहति' का धरली, हे वाचता येऊ नये, हा कुठला न्याय?

करायचं काय, ते थोडक्यात. तुरुंगात असलेल्या कुणालाही, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, किंवा 15100 वर फोन करायचा. कैदी आतूनही अपील करू शकतो. तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात अर्ज द्यायचा, पुढे पाठवणं त्याचं काम. उच्च न्यायालयासाठी 60 दिवस, सत्र न्यायालयासाठी 30. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झालाच तर कारण देऊन माफी मागता येते. पण भाषांतर येईपर्यंत अपील थांबवू नका. हिंदी प्रतीवर अपील दाखल करा, भाषांतर मागून येऊ द्या. ते वकिलाशी बोलायला लागणार आहे.

रावेर, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूरकडची कायदा शिकणारी मुलं-मुली हे वाचत असतील तर मला लिहा. आपण निकालपत्रातल्या हिंदी शब्दांची मराठी यादी करायला घेऊ. उपहति, व्यतिक्रम, निलंबन, दोषसिद्धि, इथून सुरुवात. माझ्याकडे सत्तरेक शब्द झाले आहेत.

आणि भाषांतराचा अर्ज हिंदीतच लिहा. हो, हिंदीत. बाबूला वाचता आला नाही तर तो टेबलाखाली जाईल. नाव, केस नंबर, निकालाची तारीख, मग एवढंच: माझी मातृभाषा मराठी आहे, कलम 404 प्रमाणे निकालाचं मराठी भाषांतर विनाशुल्क मिळावं. दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.